१४ मशीनचं शिलाई युनिट आणि पहिलं सरकारी टेंडर: सुरुवात कुठून करू?

सुईदोरा (सोलापूर)

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझं छोटं शिलाई युनिट आहे. १४ मशीन, २ ओव्हरलॉक, कामाला १६ बायका. आठ वर्षं शाळेच्या गणवेशांचं जॉबवर्क करतेय, म्हणजे कापड व्यापाऱ्याचं आणि शिलाई आमची. जूनपर्यंत मान वर करायला सवड नसते. दिवाळी झाली की निम्म्या मशीनवर फडकं टाकलेलं. गेल्या वर्षी उलाढाल ३१ लाख झाली.

भाचीच्या बाळंतपणाला एका सरकारी दवाखान्यात चार दिवस होते. मला कुठलंही कापड दिसलं की आधी कड उलटून बघायची सवय. तिथल्या चादरीची कड एकेरी दुमडलेली, टाके बोटभर लांब, कोपऱ्यात धागे लोंबत होते. सिस्टरना विचारलं तर म्हणाल्या, टेंडरनं येतात हो. तेव्हापासून डोक्यात घोळतंय की हे काम आपण का करू नये?

आता एक १,५०० चादरींची निविदा निघालीय. माझा हिशोब असा: चादरीला कापड २४० रुपये, शिलाई-इस्त्री-पॅकिंग ३५. भाव ३८० च्या आसपास चाललाय असं कळलं. म्हणजे चादरीमागे १०५ रुपये सुटतात, दीड लाखाच्या वर! एक एजंट म्हणतोय २५ हजार द्या, सगळी रजिस्ट्रेशनं करून देतो, बाई मालक असली की बयाणा (निविदेसोबत भरायची अनामत) माफ आणि ऑर्डर हमखास. दीड लाख ऐकून मिस्टर खूश आहेत, मला मात्र काहीतरी सुटतंय असं वाटतंय. कुणी हे केलंय का?

पत्रा_पाइप (कुपवाड)

ताई, आधी त्या एजंटला चहा पाजून वाटेला लावा. उद्यम नोंदणीला, म्हणजे छोट्या उद्योगांच्या केंद्राकडच्या नोंदणीला, सरकार एक रुपया घेत नाही. जेम पोर्टलवर (सरकारी खरेदीची केंद्राची वेबसाइट) नाव घालायला आधार, पॅन, जीएसटी आणि बँक खातं पुरतं. खरा खर्च डिजिटल सहीचा. क्लास थ्रीची लागते, पेनड्राइव्हसारखं टोकन मिळतं. ते टोकन तुमच्या कपाटात राहू दे. एजंटच्या ड्रॉवरमध्ये टोकन ठेवणं म्हणजे सही केलेलं कोरं चेकबुक ठेवणं.

माझा धंदा लोखंडी फर्निचरचा. खाटा, कपाटं, शाळेचे बेंच. नऊ वर्षं टेंडर भरतोय, त्यातली पहिली तीन निव्वळ फी भरण्यात गेली. माझ्या चुका सांगतो, त्यात तुमचं उत्तर आपोआप येईल.

पहिली गोष्ट, तुमचं उद्यम प्रमाणपत्र आत्ता काढा आणि त्यावर मेजर ॲक्टिव्हिटी काय छापलंय ते वाचा. तिथं ट्रेडिंग असेल तर बयाणा माफी वगैरे विसरा. २०२१ साली व्यापाऱ्यांना उद्यममध्ये घेतलं, पण ते बँकेच्या प्राधान्य कर्जापुरतं. खरेदी धोरणातल्या सवलती त्यांना नाहीत. तुम्ही शिवता, तर एनआयसी कोड (धंद्याचा प्रकार सांगणारे आकडे) उत्पादनाचे हवेत: कपड्यांना १४१०, चादरी-पडद्यांना १३९२. ४६ किंवा ४७ नं सुरू होणारा कोड दिसला तर तो व्यापाराचा. सायबर कॅफेत घाईनं काढलेल्या निम्म्या उद्यममध्ये हा घोळ असतो.

दुसरं, ‘बाई मालक असली की’ हे एजंटनं अर्धंच सांगितलंय. केंद्राचं २०१२ चं धोरण आहे. केंद्राची खाती आणि कंपन्या यांनी वर्षाच्या खरेदीतला किमान २५ टक्के माल सूक्ष्म-लघु उद्योगांकडून घ्यायचा, त्यात ३ टक्के महिलांच्या आणि ४ टक्के अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योजकांकडून. हे त्यांच्या वर्षाच्या खरेदीचं उद्दिष्ट, तुमच्या एका निविदेची हमी नव्हे. शिवाय हे केंद्राचं झालं. सोलापुरात रेल्वेचं मंडळ कार्यालय आहे, एनटीपीसी आहे, तिथं याचा उपयोग. तिथं मोठ्या कंपनीचा दर सगळ्यात खाली आला आणि तुमचा त्याच्या १५ टक्क्यांच्या आत असला, तर तिच्या दरात काही हिस्सा पुरवायची संधी तुम्हाला मिळते. तुमची चादरीची निविदा राज्याच्या दवाखान्याची दिसतेय. तिथं राज्याचे खरेदी नियम, १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयातले. बयाणा कुणाला माफ आहे ते निविदेतच लिहिलेलं असतं, शब्द न् शब्द वाचा. ‘अनुभव व उलाढालीची सूट’ ही ओळ वेगळी असते. बयाणा माफ आणि अनुभव मात्र तीन वर्षांचा हवा, असं सर्रास असतं.

आणि हो, १६ बायका म्हणजे ईएसआयसी (कामगार विमा) लागू आहे तुम्हाला, दहाच्या वर गेलात. पीएफची मर्यादा २० ची. निविदेत दोन्हीचे क्रमांक मागतात. ईएसआयसी काढलं नसेल तर टेंडर राहू दे, ते आधी करा.

आता माझी फजिती. महाटेंडर्सवर, म्हणजे राज्याच्या निविदा पोर्टलवर, माझं पहिलं टेंडर. बंद व्हायची वेळ दुपारी ३. पोरानं सकाळपासून बसून सगळी कागदं चढवली, दराची एक्सेल फाइल भरली. दोन वाजता सगळीकडे हिरव्या खुणा. आम्ही मिसळ खायला गेलो. उघडायच्या दिवशी बघतो तर यादीत आमचं नावच नाही. ‘फ्रीझ बिड सबमिशन’ म्हणून एक बटण असतं, ते दाबल्याशिवाय निविदा भरली असं धरत नाहीत. पावती छापून हातात आली तरच भरली म्हणायचं. दुसऱ्या वेळी दराच्या फाइलचं नाव बदललं, ‘अंतिम दर’ असं करून. पोर्टलनं घेतलीच नाही. फाइल उतरवल्यावर ज्या नावानं येते त्याच नावानं परत जाते. आणि तांत्रिक लिफाफ्यातल्या (दराचा लिफाफा वेगळा असतो) कुठल्याही कागदावर दर दिसता कामा नये, जुनं कोटेशन जोडताना तर नाहीच. त्यापायी चांगली चांगली माणसं बाद झालेली पाहिलीत.

पण हे सगळं शिकता येतं. मला खरं शिकवलं ते लागलेल्या टेंडरनं.

एका डोंगराळ जिल्ह्यातल्या ९ निवासी शाळांना २२० दुमजली खाटा. दर ‘जागेवर पोच’. मी जागा नकाशावर बघितल्या, जाऊन बघितल्या नाहीत. शेवटच्या शाळेअलीकडे ओढा, आयशर उतरेना. १९ मार्चचं ऊन. गावातल्या पोरांना पैसे देऊन २४ खाटांचे पाय, फ्रेमा, पत्रे डोक्यावरून नेले आणि शाळेच्या अंगणात जोडले. मुख्याध्यापक प्रशिक्षणाला गेलेले. शिक्का कपाटात, किल्ली त्यांच्या खिशात. प्रभारी सरांनी सही केली, म्हणाले, शिक्का नंतर मारून घ्या. मीही हो म्हटलं, अंग आंबलं होतं.

२७ तारखेला बिल परत. आठ चलनांवर गोल शिक्का, नवव्यावर नाही. परत तिथं जाऊन शिक्का घेऊन आलो तोवर ३१ मार्च उलटला होता आणि त्या वर्षीचा निधी परत गेला. पैसे मिळाले नोव्हेंबरात. मधल्या काळात बायकोच्या पाटल्या बँकेत होत्या. कुणी लाच मागितली नाही, कुणी वाकडं बोललं नाही. एक शिक्का राहिला, बस्स. तेव्हापासून गाडी निघायच्या आदल्या दिवशी प्रत्येक ठिकाणी फोन करतो आणि दोनच गोष्टी विचारतो: गाडी दारापर्यंत येते का, आणि शिक्का कुणाकडे आहे?

तुमचा हिशोब घ्या आता. तुम्ही नफा मांडलात, पण पैसा किती दिवस बाहेर राहतो ते मांडलं नाही. १,५०० चादरी ३८० नं म्हणजे ५,७०,००० आणि ५ टक्के जीएसटीचे २८,५००. कापडाला ३,६०,००० आणि त्यावर १८,००० जीएसटी, हे आधीच जाणार. व्यापारी सरकारी बिलाची वाट बघत बसत नाही. शिलाई-पॅकिंग ५२,५००. सुरक्षा अनामत ३ टक्के धरली तर १७,१००. गाडीभाडं आणि प्रयोगशाळेचा तपासणी अहवाल मिळून २०,००० धरा. बिल लावलं की पुढच्या महिन्यात जीएसटीचा फरक १०,५०० भरायचाच, तुम्हाला पैसे मिळोत न मिळोत. पावणेपाच लाखांच्या वर झाले. बँकेच्या १२ टक्क्यांनं महिन्याला साधारण पावणेपाच हजार व्याज. सहा महिने लागले तरी लाखभर सुटतात, नाही असं नाही. पण त्या सहा महिन्यांत १६ बायकांचा पगार कशातून द्यायचा? आजवर कापड दुसऱ्याचं होतं ताई. आता ते तुमचं होणार, सगळा फरक इथंच आहे.

अजून एक: करार अडीच लाखांच्या वरचा असला की सरकारी कार्यालय २ टक्के जीएसटी टीडीएस कापतं, तुमचे ११,४००. ते बुडत नाहीत, पण जीएसटी पोर्टलवर जाऊन स्वीकारल्याशिवाय तुमच्या लेजरला येत नाहीत. माझे दोन वर्षं तसेच पडून होते, सीएनं बघितलंच नव्हतं.

मी तुमच्या जागी असतो तर ही १,५०० ची सोडली असती. जेमवर आणि महाटेंडर्सवर जुन्या निविदांचे निकाल दिसतात, कुणी किती दर भरला ते सगळं. आठ दिवस चादर, ॲप्रन, पडदे यांचे निकाल वहीत उतरवा, फुकट शिक्षण आहे. मग दोनशे ॲप्रन, शंभर उशांच्या खोळी असलं एखादं काम बघा. एकच ठिकाण, शक्यतो सोलापुरातलंच. तो पुरवठा आदेश आणि पूर्णत्वाचा दाखला पुढच्या वेळी तुमचा अनुभव म्हणून चालतो.

तिरकस (बार्शी)

एवढं लिहिलंत, पण खरं ते सांगा की दादा. स्पेसिफिकेशन ठरलेल्या माणसाचा माल समोर ठेवूनच लिहितात. बाकीचे तीन कोटेशनं पूर्ण करायला. ताई, मशीनवरचं फडकं काढू नका.

पत्रा_पाइप (कुपवाड)

तिरकसराव, असतं तसं. नाही कोण म्हणतंय? पण प्रत्येक ठिकाणी असतं असं म्हणून घरी बसणारे मी जास्त बघितलेत, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचं टर्नओव्हर सर्टिफिकेट यूडीआयएन नसल्यामुळं बाद झालेलं असतं. सीएच्या दाखल्यावर तो १८ अंकी क्रमांक हवाच. घरी येऊन सांगतात, सेटिंग होतं.

वास कसा ओळखायचा ते सांगतो. एका कपाटाच्या निविदेत उंची १,९८३ मिलिमीटर लिहिली होती, कमीजास्त चालणार नाही असं वर. कपाट नेहमी १,९८० चं असतं. तीन मिलिमीटरसाठी कोण अडून बसतं? मी निविदापूर्व बैठकीच्या आधी लेखी विचारलं: ‘सदर मापाचे कारण काय, आणि ५ मिलिमीटर कमीजास्त ग्राह्य धराल का?’ एवढंच, आरोप नाही की टोमणा नाही. आठवड्यानं शुद्धिपत्रक निघालं, कमीजास्त मान्य. ती निविदा मला लागली नाही, पण दुसऱ्याला लागली आणि तो ‘ठरलेला’ नव्हता. लेखी विचारलं की उत्तर लेखी द्यावं लागतं. तोंडी विचारलं तर चहा मिळतो.

आणि विचारूनही बदललं नाही, तर भरू नका. फॉर्म फी वाचली.

निवृत्त_लेखापाल

तीस वर्षे बिले तपासण्याचे काम केले आहे, म्हणून टेबलाच्या पलीकडचे सांगतो.

पत्रा_पाइप यांनी शिक्क्याचे सांगितले ते अगदी खरे, पण त्यातला राग आमच्यावर काढू नये. पुढे कोषागारातून आक्षेप आला की उत्तर मलाच द्यावे लागते. सुईदोरा ताई, माल पोहोचवला की थांबा. बिलाच्या मागे ‘वस्तू चांगल्या स्थितीत मिळाल्या, साठा नोंदवही पान क्रमांक अमुकवर नोंद घेतली’ हे लिहून, सही-शिक्का घेऊनच गाडी वळवा. पान क्रमांकाची जागा कोरी असलेली बिले माझ्याकडे ढिगाने यायची.

दुसरे, नाव. उद्यमवर ‘गारमेंट्स’, बँकेत ‘गारमेंट’, जीएसटीवर मालकाचे नाव. तीन कागदांवर तीन नावे असली की पैसे जमा होताना परत फिरतात. ते दुरुस्त होईस्तोवर मार्च संपतो. आज संध्याकाळी पॅन धरून चारही कागद शेजारी मांडून अक्षर अन् अक्षर ताडून पाहा. माझ्या मते टेंडरची तयारी इथून सुरू होते, डिजिटल सहीपासून नव्हे.

तिसरे, फेब्रुवारी-मार्चमध्ये निघालेल्या निविदेला हात घालताना पुरवठ्याची मुदत पाहा. बीम्सवर (राज्याच्या ऑनलाइन निधीवाटप प्रणालीवर) तरतूद आली आहे का, हे संबंधित कार्यालयात सरळ विचारता येते. त्यात लाजण्यासारखे काही नाही. तरतूद नसताना काढलेल्या आदेशावर माल देणे म्हणजे उधारीचे दुकान.

थकलेल्या पैशांबाबत: २००६ च्या एमएसएमई कायद्याने ४५ दिवसांची कमाल मर्यादा आहे, त्यापुढे बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. ऑनलाइन तक्रार करता येते, ती अशा थकबाकीचा निवाडा करणाऱ्या सुविधा परिषदेकडे जाते. लोक भितात, पुढचे काम मिळणार नाही म्हणून. मी त्या टेबलावर असताना अशी नोटीस आली की धूळ खात पडलेली फाइल दोन दिवसांत वर सरकायची, हे डोळ्यांनी पाहिले आहे. तरी पहिले पत्र साधे स्मरणपत्रच असावे.

पत्रा_पाइप (कुपवाड)

साहेब, राग तुमच्यावर नव्हता हो, ओढ्यावर होता. पान क्रमांकाचं मात्र नऊ वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं. आमचा पोरगा ती जागा कोरीच सोडायचा.

मी स्वतः तक्रारीला गेलो नाही, तो नोव्हेंबरपर्यंतचा काळ गप बसून काढला. आज गेलो असतो.

सुईदोरा (सोलापूर)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री चारही कागद जेवणाच्या टेबलावर मांडले. पॅन आणि बँक ठीक. जीएसटीवर ‘क्रिएशन्स’, उद्यमवर ‘क्रिएशन’. आणि उद्यमवर मेजर ॲक्टिव्हिटी चक्क ट्रेडिंग! आठ वर्षं रोज शिवतेय आणि कागदावर मी व्यापारी. ज्या एजंटनं २५ हजार मागितले त्यानंच ते काढून दिलं होतं. आता दुरुस्तीचे तीन हजार वेगळे म्हणतोय.

ईएसआयसीचा अर्ज सोमवारी करतेय. १,५०० चादरींची सोडली. मिस्टर हिरमुसले होते, पण पावणेपाच लाखांची बेरीज त्यांनीच दोनदा केली आणि गप्प झाले.

पत्रा_पाइप दादा, एक विचारायचं राहिलं. तुम्ही सांगितलं तसे निकाल वहीत उतरवतेय. एका चादरीच्या निकालात सगळ्यात खालचा दर २३१ आहे. मला नुसतं कापडच २४० ला पडतं. हे कसं काय जमतं लोकांना?

पत्रा_पाइप (कुपवाड)

उद्यमची दुरुस्ती फुकट आहे, आधारवर ओटीपी येतो, घरी बसून होते. तीन हजार कशाचे?

२३१ चं म्हणाल तर त्या निविदेतलं स्पेसिफिकेशनचं पान उघडा. जीएसएम (चौरस मीटरमागं ग्रॅममध्ये वजन) किती, रीड-पिक (उभे-आडवे धागे) किती, सुती आहे की मिक्स, माप धुतल्यानंतरचं की कोरं. तुमच्या २४० च्या कापडापेक्षा हलकं मागितलं असेल तर दर बरोबर आहे आणि तुम्हालाही तो देता येईल. इचलकरंजीत मागावरनं थेट घेतलं की मीटरमागं फरक पडतो, ते मला चादरवाल्यांनीच सांगितलंय. पण स्पेसिफिकेशन तुमच्याच कापडाचं असलं आणि दर २३१ असला, तर तो मनुष्य एक तर तोट्यात गेलाय किंवा तुम्ही दवाखान्यात बघितली तसली चादर देऊन मोकळा झालाय. दोन्ही प्रकारांत त्याच्या खाली दर भरू नका.

सुईदोरा (सोलापूर)

बघितलं. १२० जीएसएम, मिक्स. माझं १५० चं शुद्ध सुती होतं. म्हणजे मी सगळ्या निविदा एकाच कापडानं मोजत होते!

सोलापुरातल्याच एका कॉलेजचं १८० लॅब ॲप्रनचं काम निघालंय, एकच ठिकाण, माझ्या घरापासून रिक्षानं वीस मिनिटं. नमुन्याचा ॲप्रन कापायला घेतलाय. शिक्का कुणाकडे असतो तेही विचारून आले, भांडारपालबाईंकडे, आणि त्या गुरुवारी सुट्टीवर असतात.